जोमसोम: तासांनी मोजायचा रस्ता

दिवस पहिला: सुनौली ते तानसेन

सुनौलीची कमान पायी ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायचं. ह्यांनी ते कमानीखाली भर रस्त्यात उभं राहून केलं, मागच्या सायकलरिक्षावाल्याची बोलणी खात. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असलं की पुरतं, आणि आमचं तेही कुणी पाहायला मागितलं नाही. पलीकडच्या वस्तीचं नाव बेलहिया. तिथं पैसे बदलायची दुकानं ओळीनं उभी आहेत. आपल्या शंभराचे नेपाळी एकशे साठ, हा दर कित्येक वर्षं बांधलेलाच आहे, त्यामुळे घासाघीस करायला वाव नाही. किंमत सांगताना दुकानदार फक्त ‘आयसी की एनसी?’ एवढं विचारतो. आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. गल्ला एकच.

जायचं होतं मुस्तांग जिल्ह्यातल्या जोमसोमला. पोखऱ्याहून तिथं विमान जातं, वीस-पंचवीस मिनिटांत. हे अर्थातच विमानाच्या बाजूचे. मी म्हटलं, येताना विमान, जाताना रस्ता. हिमालयाची मुख्य रांग आरपार कापून जाणाऱ्या नद्या मोजक्याच, त्यातली काली गंडकी एक. तिच्या काठाकाठानं गाडी जात असताना वरून उडून जायचं म्हणजे काय? ह्यांचा सगळा जन्म धरणं-कालवे बांधण्यात गेलेला. नदीचं नाव काढलं की विरोध मावळतो, हे मला ठाऊक आहे.

बुटवलपर्यंत रस्ता सपाट. बुटवलला पहाड समोर एकदम उभा राहतो. टेकड्या, उंचवटे असली काही प्रस्तावना नाही. तिनाऊ नदीच्या कडेनं गाडी आत शिरते आणि दरडी कोसळण्यासाठी बदनाम असलेला सिद्धबाबाचा टप्पा लागतो. गाडीतल्या गप्पा तिथं आपोआप थांबल्या. हा सिद्धार्थ राजमार्ग भारताच्या मदतीनं बांधलेला, म्हणून की काय, हे प्रत्येक संरक्षक भिंतीची पाहणी करायला आल्यासारखे बाहेर बघत होते.

“भाई, तानसेन कितने किलोमीटर?” ह्यांनी कंडक्टरला विचारलं.

“डेढ घण्टा.”

“किलोमीटर?”

“बाटो राम्रो भए डेढ घण्टा,” तो शांतपणे म्हणाला. रस्ता चांगला असेल तर दीड तास. ह्यांनी वहीत किलोमीटरचा रकाना आखला होता. तो पुढं बहुतेक रिकामाच राहिला.

तानसेन साडेतेराशे मीटरच्या आसपास, श्रीनगर डोंगराच्या उतारावर वसलेलं नेवारी व्यापाऱ्यांचं जुनं गाव. गल्ल्या इतक्या उभ्या की वरच्या घराच्या ओट्यावरून खालच्या घराचं छप्पर दिसतं. मधोमध पाल्पा दरबार. २००६ च्या जानेवारीत माओवाद्यांच्या हल्ल्यात तो जळाला, आज दिसतो तो नंतर उभारलेला. त्याच्यासमोरचा मूलढोका मात्र हत्तीवर बसलेला माणूस न वाकता आत जाईल एवढा.

इथलं ढाका कापड प्रसिद्ध. नेपाळी टोपीचं कापड ते हेच. एका घराच्या खालच्या खोलीत एक बाई मागावर बसली होती. उभा ताणा पांढरा. आडव्या धाग्याबरोबर ती रंगीत सुताचे छोटे छोटे तुकडे बोटांनी ताण्यात खोवत होती, समोर ना कागद ना नक्षीचा नमुना. एक ओळ झाली की फणीचा ठोका, मग पुढची ओळ. मी जवळजवळ अर्धा तास उभी होते, तेवढ्यात कापड चार बोटंसुद्धा वाढलं नाही. नंतर दुकानात शालीची किंमत ऐकून हे काही बोलणार होते, मी त्यांना खोलीकडे बोट दाखवलं.

दिवस दुसरा: पोखरा

तानसेनहून रस्ता उतरत उतरत रामदीच्या पुलावर येतो आणि इथं काली गंडकी पहिल्यांदा भेटते. पाणी राखाडी, रुंद, वेगवान. घाटावर मंदिर, अंघोळीला माणसं.

मला आधी कोडं पडलं होतं. जोमसोम उत्तरेला, मग ही नदी इथं दक्षिणेत आडवी कशी? ह्यांनी नकाशा मांडीवर घेतला. मुस्तांगातून ती सरळ दक्षिणेला येते, पुढं रिडीपाशी पूर्वेला वळते, रामदीवरून देवघाटला त्रिशूलीला मिळते आणि नारायणी होते. तीच बिहारात गंडक. म्हणजे आम्ही तिला इथं एकदा ओलांडायचं, पोखऱ्याला जायचं आणि पुढं कुश्माजवळ तिला पुन्हा गाठायचं. “वळसा तिनं घातलाय, आपण आडवाट काढतोय,” हे म्हणाले. इंजिनिअर माणसाला नदीवर कुरघोडी केल्याचा आनंद होतो.

पुढं वालिङ, स्याङ्जा, पुन्हा वळणं. मागच्या सीटवरच्या बाईंनी मला एक सोललेलं संत्रं दिलं आणि स्वतः खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

दिवस तिसरा: पोखराच

अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना काढला. सार्क देशांच्या नागरिकांना तो सवलतीत मिळतो. सकाळी माछापुच्छ्रे दिसलं, ६,९९३ मीटर. हे शिखर पवित्र मानतात, त्याच्यावर चढायला परवानगी नाही. १९५७ साली आलेले ब्रिटिश गिर्यारोहक माथा थोडक्यात शिल्लक ठेवून परतले होते. बाकी फेवा तलाव, होड्या, कॉफीची दुकानं. पोखऱ्याबद्दल सगळ्यांनी सगळं लिहून ठेवलंय, मी त्यात भर घालत नाही.

दिवस चौथा: तातोपानी

बागलुङ बसपार्कवरून सकाळी बस. लुम्ले नावाचं खेडं लागलं, तिथं काहीच नव्हतं: चार घरं, एक चहाची टपरी, ओलं शेवाळ. पण नेपाळात सगळ्यात जास्त पाऊस इथं पडतो, वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक. आम्ही निघालो होतो त्या जोमसोमला वर्षभरात तीनशेही पडत नाही. मधलं हवाई अंतर साठ किलोमीटरच्या आतच. ढग अन्नपूर्णेच्या अलीकडेच रिकामे होतात, पलीकडे कोरडेच पोचतात. ह्यांनी लुम्लेला मुद्दाम खिडकीतून हात बाहेर काढला. ऊन होतं.

कुश्माच्या पुढं काली गंडकी पुन्हा दिसली. रामदीला ऐसपैस पसरलेली बाई इथं दोन डोंगरांच्या मधल्या खोल चिरेत. बेनीला म्याग्दी नदी तिला मिळते. बाजार मोठा, धुळीचा. पुढं जायला जीप. सीट भरल्याशिवाय जीप हलत नाही, आणि सगळ्या सीट भरल्यावर आणखी तिघं येतात. मला खिडकी मिळाली. ह्यांच्या मांडीवर एका लष्करी जवानाची बॅग आणि बॅगेवर कुणाचं तरी कोंबडं. ते वाटेतच उतरलं, पण ह्यांच्या पँटवर आठवण ठेवून.

“तातोपानी कति किलोमिटर?” ह्यांनी आता नेपाळी सुरू केलं होतं.

“दुई घण्टा, बाजे.” बाजे म्हणजे आजोबा. ह्यांनी प्रश्न विचारायचं थोडा वेळ थांबवलं.

तातोपानी म्हणजे गरम पाणी, आणि ते नदीच्या काठालाच उकळतं येतं. दगडी कुंडात गळ्यापर्यंत बसायचं, शेजारून हिमनद्यांचं पाणी घोंगावत चाललेलं. जीपनं खिळखिळी केलेली हाडं जागच्या जागी बसली. आमच्या शेजारी पाय बुडवून बसलेल्या एका म्हातारबुवांनी सांगितलं, रस्ता व्हायच्या आधी ते बेनीहून खेचरांबरोबर वर जायचे, जोमसोमला चौथ्या दिवशी. गाडी जोमसोमपर्यंत जायला लागून अजून फार वर्षं झालेली नाहीत. रस्ता आल्यावर बरं झालं की वाईट, हे मी विचारलं. त्यांनी आधी स्वतःच्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, ह्यांचं बरं झालं.

दिवस पाचवा: मार्फा

हा दिवस सगळ्यात लांब गेला.

तातोपानी सुटल्यावर दानाजवळ रुप्से धबधबा रस्त्याच्या अगदी अंगावर येतो. त्याच्या थोडं पुढं गाड्यांची रांग. पहिरो, म्हणजे दरड. पलीकडे एक डोजर माती ढकलत होता. तो थांबला की वरून आणखी दोन-चार दगड गडगडत यायचे आणि तो पुन्हा मागे सरायचा. रांगेतल्या कुणालाही घाई नव्हती. बायकांनी संत्र्यांच्या टोपल्या उघडल्या, पोरांनी पत्ते काढले. एक ड्रायव्हर आपल्या जीपखाली चटई टाकून सरळ झोपला.

ह्यांना मात्र राहवेना. पुढं जाऊन उतार बघून आले आणि मला व्याख्यान दिलं: दगडाचे थर रस्त्याकडेच कललेत, पायथा रस्त्यासाठी कापलाय, वरून पाणी मुरतंय, मग कोसळणार नाही तर काय! “इथं गॅबियन भिंत हवी, तारेच्या जाळीत दगड भरलेली, आणि वरच्या अंगाला चर.” शेजारच्या ट्रकच्या ड्रायव्हरनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्यानं पायानं माती थोडी उकरली आणि तारेच्या जाळीचा कोपरा दाखवला. भिंत खालीच होती, गाडली गेलेली.

दुपारपर्यंत वाट मोकळी झाली. आमच्या पुढची बस आधी माणसं उतरवून रिकामीच पलीकडे गेली. आम्हीही उतरून चालत गेलो. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. नदी एवढी खाली की आवाजही वर येत नव्हता.

घासाला परवाना दाखवला. इथून मुस्तांग जिल्हा. दाना ते घासा हा दरीचा सगळ्यात अरुंद भाग. इकडे त्याला अंधगल्छी म्हणतात. मग दरी हळूहळू उघडते आणि जे दिसतं ते एका नजरेत मावत नाही. डावीकडे धौलागिरी, ८,१६७ मीटर. उजवीकडे अन्नपूर्णेचा पहाड, मुख्य शिखर ८,०९१. आठ हजार मीटरवरचं जगातलं पहिलं शिखर माणसानं सर केलं ते हेच, १९५० मध्ये, फ्रेंचांनी. दोन्ही शिखरांत अंतर पस्तीस किलोमीटर, आणि मधून ही नदी अडीच हजार मीटरवर वाहते. म्हणजे दोन्हीकडे साडेपाच किलोमीटर उंचीच्या भिंती. ह्यांनी गाडीतच हिशोब केला, मग पुन्हा केला. नंतर वही मिटली.

काळोपानीला एका थकाली घरात जेवलो. ह्या खोऱ्यातले थकाली लोक पिढ्यान्‌पिढ्या मिठाच्या व्यापारावर मोठे झालेले: तिबेटातलं मीठ खाली, खालचं धान्य वर. त्या जाण्यायेण्यात वाटेवर माणसं जेवू घालायची रीत पडली, ती टिकली. आज नेपाळात कुठंही चांगलं जेवण हवं असेल तर ‘थकाली’ पाटी शोधतात. स्वयंपाकघर जेवायच्या खोलीतूनच दिसत होतं. मातीनं सारवलेली चूल, मागच्या फळीवर घासूनपुसून लावलेली पितळी भांडी. दिदीनं कढईत तूप टाकलं, तुपात चिमूटभर जिम्बू. वाळलेल्या गवताच्या काड्यांसारखी दिसणारी ही पात. ती तुपात तपकिरी होईपर्यंत थांबून सगळं उडदाच्या काळ्या डाळीवर ओतलं. लसूण आणि कांदा दोन्हींची आठवण व्हावी, पण दोन्ही नाही, असा वास. काशाच्या थाळीत फापरचा ढिंडो, म्हणजे बकव्हीटच्या पिठाचा करडा, घट्ट गोळा. भोवती डाळ, गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, मुळ्याचं लोणचं आणि जीभ झिणझिणवणारी तिमूरची चटणी. ढिंडो चावायचा नसतो, बोटांनी तोडून डाळीत बुडवून तसाच गिळायचा. हे चावत बसले, तेव्हा दिदी हसून म्हणाली, “बाजे, दात किन दुखाउने?” दात कशाला दुखवता? आणखी वाढताना तिनं विचारलं नाही. थाळी रिकामी दिसली की डाव येतोच.

तिथून पुढं झाडं कमी झाली, देवदार-पाईन मागे पडले आणि वारा सुरू झाला. नदीचं पात्र एक किलोमीटरभर रुंद, नुसते गोटे. धूळ मागून येऊन गाडीला ओलांडून पुढं जात होती. तुकुचे आलं, मिठाच्या दिवसांतले मोठाले वाडे अजून उभे आहेत, काहींच्या कोरीव खिडक्यांत फळ्या ठोकलेल्या. मार्फाला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. बेनीपासून जोमसोम पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर. त्यातलेही काही उरलेच होते.

दिवस सहावा: मार्फा ते जोमसोम, पायी

मार्फाची घरं पांढरीफेक, दगडी, सपाट धाब्याची. धाब्यांच्या कडेनं जळणाची लाकडं नीट रचून ठेवलेली. गावातून एकच फरसबंद गल्ली, फरशीखालून वाहत्या पाण्याचा आवाज. सांडपाणी दगडांखाली वाहतं. कुठंकुठं फट ठेवलीय, तिथून दिसतं. ह्यांनी गुडघ्यावर बसून त्या फटीत बघितलं आणि पाच मिनिटं उठले नाहीत. “उतार बघ, उतार!” मी बघितला.

एका घरावर इकाई कावागुची ह्या जपानी भिक्षूची पाटी आहे. परदेशी माणसाला तिबेट बंद होतं, तेव्हा तिथले मूळ बौद्ध ग्रंथ मिळवायला निघालेला हा माणूस १९०० साली काही महिने इथं राहिला आणि उन्हाळ्यात वेषांतर करून खिंडीनं पलीकडे गेला. त्याची खोली, अंथरूण वगैरे ठेवलंय. खोलीत उभी असताना मनात एकच आलं: त्यानं कुणाला किलोमीटर विचारले नसणार.

सफरचंदं संपत आली होती, पण दारादारांत चकत्या दोऱ्यात ओवून वाळत होत्या. १९६० च्या दशकात सरकारनं इथं फळबागेचं केंद्र काढलं, तेव्हापासून हा सगळा सफरचंदाचा मुलूख. रस आणि ब्रँडी दोन्ही मिळतं. आम्ही रस घेतला. ब्रँडीची बाटली ह्यांनी नुसती हातात धरून लेबल वाचलं, बराच वेळ.

जोमसोम इथून दीड-दोन तास, हे सगळ्यांनी एकमतानं सांगितलं. आणि एक तंबी दिली: दहाच्या आत पोचा. लवकर निघालो. उजव्या हाताला निलगिरी, ७,०६१ मीटर, आणि हवेत पानसुद्धा हलत नव्हतं. डोक्यावरून लहानशी विमानं पाठोपाठ येत-जात होती. जोमसोमला येणारी सगळी विमानं सकाळीच काय ती.

का, ते अकराला समजलं. आम्ही गावात शिरून चहाला बसलो होतो. आधी समोरच्या घरावरचे प्रार्थनेचे झेंडे एकदम ताठ झाले. मग दुकानदारानं बाहेर मांडलेला माल, घाई न करता, आत घ्यायला सुरुवात केली. पाच मिनिटांत रस्त्यावर धूळ, वाळू आणि एक प्लास्टिकची खुर्ची अशी तिघं एकत्र चालली होती. वर मुस्तांगचं पठार उन्हानं तापतं, तिथली हवा वर उठते, आणि तिची जागा भरायला खालची हवा ह्या एकाच अरुंद दरीतून ओढली जाते. रोज. संध्याकाळपर्यंत हेच, रात्री कमी. इथं दुपारची वेळ माणसांची नाही. जोमसोम मुस्तांगचं जिल्हा ठाणं, मधोमध धावपट्टी, एका अंगाला सैनिकांची छावणी, पण दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

दिवस सातवा: मुक्तिनाथ, कागबेनी

जोमसोम २,७०० मीटरवर, मुक्तिनाथ ३,७०० च्या वर. एकदम हजार मीटर चढायचं म्हणून आदल्या दिवशी मुद्दाम जोमसोमला मुक्काम केला होता, तरी मंदिराखालच्या राणीपौवा वस्तीत जीपमधून उतरताना डोकं जड झालं. वर घोडे मिळतात. हे नको म्हणाले. दहा पावलं चालायचं, थांबायचं. थांबायला निमित्त म्हणून ह्यांनी मला प्रत्येक डोंगराचं नाव विचारलं.

मंदिर छोटं, तीन छपरांचं. दक्षिणेतल्या वैष्णवांच्या १०८ दिव्य स्थळांतलं हे एक, आणि पूजेला बौद्ध भिक्षुणी, ज्यांना आनी म्हणतात. वादबिद काही नाही, घंटा दोघांची एकच. मागच्या भिंतीत अर्धवर्तुळात १०८ पितळी तोट्या, गोमुखाच्या. एकेक करून सगळ्यांखालून पळत जायचं. पहिल्या तोटीला मी ‘आई गं’ म्हटलं, दहावीनंतर आवाजच निघेना. पुढं कुंडांत बुडी. बाहेर आल्यावर मात्र अंगातून वाफा निघत होत्या आणि जड झालेलं डोकं गेलं होतं. खालच्या अंगाला ज्वालामाईच्या देवळात खडकातल्या फटीतून नैसर्गिक वायूची लहानशी निळी ज्योत, शेजारीच पाणी वाहतंय. जाळीतून वाकून बघावं लागतं. ह्यांनी आनीला विचारलं, कधीपासून जळतेय? तिनं हात वर करून नुसता हवेत फिरवला.

वाटेवर शाळिग्राम विकणारे बसलेले. काळा गुळगुळीत गोटा, दोन तुकड्यांत फुटलेला, आत चक्र. ते चक्र म्हणजे अमोनाइट हा समुद्रातला शंखवाला प्राणी, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. हिमालय उठायच्या आधी इथं टेथिस समुद्र होता, त्याचा तळ आज ह्या उंचीवर आहे. देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामावर मी लहानपणापासून तुळस वाहिली, त्याचं गाव बघायला मिळालं. एक घेतला.

उतरताना कागबेनीला थांबलो. इथं झोंग खोला ही लहान नदी काली गंडकीला मिळते, आणि संगमावर श्राद्ध करतात. काही कुटुंबं पिंड घेऊन बसली होती. ह्यांनी भटजी नको म्हटलं. बूट काढून, वाऱ्यात कसेबसे तोल सावरत, आईवडिलांच्या नावानं ओंजळ-ओंजळ पाणी सोडलं. पाणी खाली पडायच्या आत वारा ते वरच्या दिशेला उडवून नेत होता.

गावाच्या दुसऱ्या टोकाला पाटी आहे: पुढं वरचं मुस्तांग, वेगळा परवाना, वेगळे पैसे. तिथून नुसतं बघितलं.

दिवस आठवा: परत जोमसोम

सकाळी कागबेनीतला १४२९ सालचा लाल गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, पाहिला. दुपारी जीपनं परत. आता वारा समोरून.

दिवस नववा: विमान

पहाटेच विमानतळावर. वजनकाट्यावर सामानाबरोबर माणसांचंही वजन झालं. पोखऱ्याला ढग होते, त्यामुळे विमान येणार की नाही हे कुणी सांगेना. सगळे आकाशाकडे आणि झेंड्यांकडे बघत बसलेले. नऊच्या सुमारास आलं. इंजिन चालूच ठेवून आधीची माणसं उतरवली, आम्हाला चढवलं. हवाईसुंदरीनं ट्रेमधून कानाला कापूस आणि तोंडात धरायला एकेक गोळी दिली.

ह्यांनी उजवीकडची खिडकी धरली, धौलागिरीसाठी. मी डावीकडे. “मार्फा गेलं,” ते ओरडले, “तुकुचे गेलं... ते बघ काळोपानी!” मला माझ्या बाजूला निलगिरीचा बर्फ एवढा जवळ होता की मी उत्तर दिलं नाही. घासा मला दिसलंच नाही. दरड कुठं होती तेही शोधलं, पण वरून सगळा डोंगर सारखाच हिरवा. घोरेपानीची धार ओलांडली, विमान दोनदा खाली आदळल्यासारखं झालं, आणि पोखरा.

गोळी अजून तोंडात होती. ह्यांनी वही काढून किलोमीटरच्या रकान्यात काहीतरी लिहायला घेतलं, मग हवाईसुंदरीला विचारलं, “जोमसोम-पोखरा, कति किलोमिटर?”

“बाईस मिनट, सर.”